वाचकांचे प्रश्न : घरच्या टेबलावरची जहाजबांधणी

गेल्या अंकात या सदरात लाकडी जहाजांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती घरी बांधण्याच्या छंदाचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातून अपेक्षेपेक्षा अधिक पत्रे आली. पुष्कळ प्रश्नांचा आशय सारखाच असल्याने ते एकत्र करून येथे घेतले आहेत. किमतीविषयीच्या प्रश्नांना स्वतंत्र उत्तर दिलेले नाही. परदेशी किटची (जोडायच्या सुट्या भागांच्या संचाची) किंमत, टपाल आणि सीमाशुल्क सतत बदलत असते आणि अंक वाचकांच्या हाती पडेपर्यंत आमचे आकडे शिळे झालेले असतील.

प्रश्न : कोल्हापूरला समुद्र नाही, मग जहाजे कसली बांधता, असे मित्र विचारतात. मला तर मराठा आरमारातील गुराब ही युद्धनौकाच करायची आहे. तिचे आराखडे कोठे मिळतील?
— एक निवृत्त शिक्षक, मंगळवार पेठ

उत्तर : मित्रांना प्रथम एवढे सांगावे की कोल्हापूरला समुद्र होता. अठराव्या शतकात सिंधुदुर्ग आणि मालवण करवीर राज्याकडे होते. तेथील गलबतांचा इंग्रजांच्या व्यापाराला इतका जाच होई की १७६५ मध्ये त्यांनी सिंधुदुर्ग जिंकून त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले आणि पुढच्या वर्षी पैशांचा करार करून तो कोल्हापूरकरांना परत केला. १८१२ च्या तहाने मालवण कायमचे गेले, तेव्हा कोल्हापूरचा दर्याशी असलेला संबंध तुटला. त्यामुळे गुराब करण्याचा आपला हट्ट आम्हाला अगदी रास्त वाटतो. अडचण आहे ती पुराव्याची.

ब्रिटिश आरमारात जहाज बांधण्यापूर्वी कागदावर आराखडा काढण्याची पद्धत होती, म्हणून त्यांच्या शेकडो जहाजांचे मूळ नकाशे ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात आजही पाहता येतात. कोकणातील मिस्त्री नजरेच्या आणि परंपरेने आलेल्या मापांच्या आधारे बांधणी करीत, त्यामुळे गुराबीच्या बाबतीत आपल्याला वर्णने आणि चित्रे यांवरच विसंबावे लागते. त्यांत सर्वांत उपयोगी वर्णन रॉबर्ट ऑर्म या अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकाराचे आहे. त्याच्या म्हणण्यानुसार गुराबीला बहुधा दोन डोलकाठ्या असत, क्वचित तीन; तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची आणि दोन डोलकाठ्यांची १५० टनांच्या आतली. लांबीच्या मानाने ती रुंद असे, पाण्यात फार खोल बसत नसे, आणि मध्यापासून टोकाकडे निमुळती होत जाऊन पुढे भूमध्य समुद्रातील वल्ह्यांच्या गॅली नौकांसारखी लांब नाळ, म्हणजे नौकेचे पुढचे टोक, बाहेर आलेली असे.

प्रतिकृती करणाऱ्याने या नाळेकडे नीट लक्ष द्यावे. समोरून लाटा येत असताना गुराबीचे तोंड जोराने खाली-वर होई, म्हणून नाळेवरच्या डेकला बाजूंचे कठडे ठेवीत नसत. वर आलेले पाणी अडून न राहता सरळ वाहून जावे, हा हेतू. नाळेचे डेक आणि मुख्य डेक यांच्यामध्ये एक आडवी लाकडी भिंत असे, आणि त्या भिंतीतील झरोक्यांतून नऊ किंवा बारा पौंडी गोळ्यांच्या दोन तोफा नाळेवरून थेट पुढे मारा करीत. हौशी प्रतिकृतींत नाळेला शोभेचा कठडा बसवलेला असतो आणि सगळ्या तोफा बाजूंना असतात. अशी नौका पाठलाग करताना समोरच्या जहाजावर तोफ कशी डागणार, हा प्रश्न करणाऱ्याला पडलेलाच नसतो.

हे वर्णन आंग्रेकालीन जहाजांचे आहे, हेही विसरता कामा नये. कल्याण-भिवंडीच्या खाडीत शिवाजी महाराजांनी आरमाराची उभारणी सुरू केली ती त्याच्या सुमारे शंभर वर्षे आधी. ऑर्मच्या वर्णनावरून केलेल्या प्रतिकृतीखाली ‘शिवकालीन गुराब’ अशी पाटी लावणे म्हणजे पुराव्याला शंभर वर्षे मागे ओढणे होय. १७५६ मध्ये इंग्रजांनी विजयदुर्गावर केलेल्या हल्ल्याची युरोपी चित्रे उपलब्ध आहेत, पण ती पाहताना चित्रकाराला युरोपी जहाजेच सवयीची होती हे ध्यानात ठेवावे.

आमची सूचना अशी की आधी पातेमारी हे व्यापारी गलबत करावे. जॉन एडाय याने १८३४ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरील मोठ्या पातेमारीची मापे नोंदवली आहेत : लांबी साडेशहात्तर फूट, रुंदी साडेएकवीस फूट, भार सुमारे २०० टन. त्यानंतर काही वर्षांनी फ्रेंच आरमारातील एडमों पारी या अधिकाऱ्याने युरोपाबाहेरील नौकांची प्रत्यक्ष मोजमापे घेऊन जे आराखडे प्रसिद्ध केले, त्यांतही पातेमारी आहे. १:४८ या प्रमाणात तिची लांबी साधारण ४८.६ सेंटिमीटर होते, म्हणजे घरातल्या कपाटावर मावेल एवढी. पुढे झुकलेली डोलकाठी, तिरके शीड आणि खालून वर उचललेला कणा या गोष्टी एकदा हाताखालून गेल्या की गुराबीच्या वर्णनातील मोकळ्या जागा भरताना कोकणी बांधणीचा विचार मनात येईल, इंग्रजी बांधणीचा नव्हे. गगनबावड्याहून घाट उतरून विजयदुर्गाच्या बाजूला गेलात तर खाडीकाठी दुरुस्तीला ओढून ठेवलेल्या लाकडी होड्या आतून पाहण्याची संधी सोडू नये. मग गुराब करावी आणि तिच्या पाटीवर ‘अनुमानित’ हा शब्द निःसंकोच लिहावा.

प्रश्न : दुहेरी पट्ट्यांचे, म्हणजे बाजूंवर पट्ट्यांचे दोन थर चढवायचे, इटालियन किट आणले. जहाजाच्या मधल्या भागात पट्ट्या छान बसल्या, पण पुढच्या टोकाकडे एकमेकींवर चढू लागल्या. तेव्हा टोके त्रिकोणी कापून बसवली. आता ती सुईसारखी दिसतात आणि मागच्या बाजूला फटी पडल्या आहेत. काय चुकले?
— राजारामपुरी

उत्तर : सर्वाधिक पत्रे याच तक्रारीची होती, म्हणून सविस्तर लिहितो. किटच्या पुस्तिकेत या कामाला दोन ओळी मिळतात आणि शिडांच्या दोऱ्यांना दहा पाने. प्रत्यक्षात जहाजाचे रूप याच टप्प्यावर ठरते.

आपल्या किटमध्ये मध्यभागी एक उभा कणा आणि त्यात ओळीने बसवलेले प्लायवूडचे आडवे साचे आहेत. लेसरने कापलेल्या साच्यांच्या कडा काटकोनात असतात, तर जहाजाची बाजू पुढे आणि मागे वळत गेलेली असते. त्यामुळे टोकाकडच्या साच्यांवर पट्टी ठेवली की ती फक्त एका धारेला टेकते. पट्टी चिकटवण्याआधी सर्व साच्यांच्या कडा तिरक्या घासून घ्याव्यात. लांब, सपाट लाकडी फळीला पॉलिश पेपर चिकटवून ती एकाच वेळी तीन-चार साच्यांवर फिरवावी, आणि मधून मधून एक सुटी पट्टी पुढून मागेपर्यंत धरून पाहावी. ती प्रत्येक साच्यावर पूर्ण रुंदीने टेकली आणि कोठेही उंचवटा किंवा खळगा दिसला नाही, की हे काम झाले असे समजावे. पुढच्या टोकाच्या साच्यांना फार घासावे लागते. घासताना ते मोडू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये हलक्या लाकडाचे ठोकळे भरून घेणे चांगले.

दुसरे काम मोजण्याचे. समजा, मध्यावरील साच्यावर वरच्या जाड पट्ट्यापासून कण्यापर्यंतचे अंतर १२० मि.मी. आहे आणि पट्टी ५ मि.मी. रुंद आहे, म्हणजे तेथे २४ पट्ट्या लागतील. पुढच्या टोकाला तेच अंतर ६६ मि.मी. असेल, तर तेवढ्याच २४ पट्ट्या तेथे मावण्यासाठी प्रत्येक पट्टी २.७५ मि.मी. इतकी निमुळती व्हायला हवी. आपण पूर्ण रुंदीच्या पट्ट्या वरून लावत गेलात, म्हणून त्या खाली एकमेकींवर चढल्या. प्रत्येक साच्याभोवती कागदाची चिंचोळी पट्टी गुंडाळून अंतर घ्यावे, तिचे समान भाग पाडावेत आणि त्या खुणा साच्यावर पेन्सिलने उतरवाव्यात. मग प्रत्येक पट्टीची त्या त्या ठिकाणची रुंदी आधीच कळते आणि लहान रंध्याने ती तेवढी उतरवता येते.

पट्टी मूळ रुंदीच्या निम्म्याहून अरुंद करू नये, हा नियम खऱ्या जहाजांच्या सुतारांचा आहे. टोकाला फार निमुळत्या झालेल्या फळीत खिळा धरत नाही आणि तिची फट बुजवण्यासाठी कापूस-डांबर ठोकताना ती फुटते. वरच्या उदाहरणात पुढचे अंतर ६६ ऐवजी ४८ मि.मी. असते, तर प्रत्येक पट्टीच्या वाट्याला २ मि.मी. आले असते, म्हणजे निम्म्याहून कमी. अशा वेळी खरे जहाजबांधणारे दोन फळ्यांच्या जागी टोकाकडे एकच रुंद फळी नेत आणि तिला खाच देऊन त्या दोन फळ्या तिच्यात बोथट टोकाने बसवीत. मागच्या बाजूला उलट स्थिती असते. तेथे अंतर वाढते आणि पट्ट्या कमी पडतात, म्हणून दोन पट्ट्यांमध्ये पाचरीसारखी एक जादा पट्टी घालतात. आपल्याकडे पडलेल्या फटी याच प्रकारच्या आहेत. त्या फटी पाहून पट्ट्या बाजूने जोर लावून वाकवण्याचा मोह होतो; तसे केल्यास पट्टीची एक कड वर उचलली जाते आणि कितीही घासली तरी तो पीळ जात नाही.

आणखी दोन गोष्टी. कण्याला लागून बसणारी पहिली पट्टी पुढच्या टोकाला वर चढू देऊ नये. ती चढली की तिच्यावरच्या प्रत्येक पट्टीची जागा खाल्ली जाते. आणि डाव्या-उजव्या बाजूंना आळीपाळीने पट्ट्या लावाव्यात, नाही तर एका बाजूच्या ओढीने संपूर्ण कणा वाकतो, आणि वाकलेला कणा नंतर सरळ होत नाही.

पट्टी वाकवण्यासाठी ती रात्रभर पाण्यात बुडवून ठेवणारे अनेक जण आहेत. खरे काम उष्णतेचे असते. पट्टी थोडा वेळ ओली करून, साध्या इस्त्रीच्या टोकावर दाबत हळूहळू वाकवावी आणि थंड होईपर्यंत त्याच आकारात धरून ठेवावी. फार भिजलेली पट्टी फुगते आणि साच्यावर वाळल्यानंतर आक्रसून फट सोडते.

आता आपल्या जहाजाचे काय? ते टाकून देऊ नये. किट दुहेरी पट्ट्यांचे असल्याने हा पहिला थर झाकला जाणार आहे. सुट्या तुकड्यांनी मोठ्या फटी भराव्यात, बारीक फटींत लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल यांचे मिश्रण दाबावे, आणि वाळल्यावर सगळा तळ गुळगुळीत घासावा. वरचा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा अक्रोडाचा थर लावताना मात्र मोजमाप टाळू नये.

प्रश्न : माझा फर्निचरचा व्यवसाय आहे आणि सागवानाचे तुकडे भरपूर उरतात. मुंबईत बांधलेली जहाजे सागवानाचीच असत. तेव्हा प्रतिकृतीही सागवानाची केली तर ती अधिक खरी ठरेल ना?
— शाहूपुरी

उत्तर : तर्क बरोबर वाटतो, पण सागवानाचे रेषे आड येतात. वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली मुंबईत बांधलेली आणि १८१७ मध्ये पाण्यात उतरलेली ‘ट्रिंकोमाली’ ही फ्रिगेट जातीची युद्धनौका इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही तरंगत आहे, आणि तिच्या दीर्घायुष्याचे श्रेय मलबारच्या सागवानाला दिले जाते. सागवानात नैसर्गिक तेल असते आणि ओकप्रमाणे ते लोखंडी खिळ्यांना खात नाही, त्यामुळे जहाजासाठी ते उत्तमच. परंतु त्याची छिद्रे डोळ्यांना दिसतील एवढी मोठी असतात. पाव मिलिमीटरचे छिद्र १:७२ या प्रमाणात १८ मि.मी.चे भोक ठरते. फळीभर अशी भोके असलेले जहाज कोणी पाण्यात घालणार नाही. शिवाय सागवानाच्या तेलामुळे गोंदाची पकडही कमी होते. चिकटवण्यापूर्वी पृष्ठभाग ताजा घासून स्पिरिटने पुसावा लागतो.

प्रतिकृतीला लागते ते बारीक, एकजीव पोताचे लाकूड. युरोपात बॉक्सवूड आणि नासपतीचे लाकूड वापरतात. आपल्याकडे हेदू, ज्याला कोणी हळदू म्हणतात, हे पिवळसर आणि अतिशय बारीक पोताचे लाकूड आहे. त्याच्या फण्या आणि गिरण्यांतील बॉबिन करीत असत, यावरूनच त्याची धार धरण्याची ताकद लक्षात यावी. शिवण मऊ आणि कोरायला सोपे असून वाळल्यावर फारसे वाकत नाही. टिंबर मार्केटमध्ये विचारणा करताना मोठी फळी न मागता जुन्या, पूर्ण वाळलेल्या मालाचे तुकडे मागावेत. गिरणीच्या पट्टा-करवतीवर पातळ पट्ट्या काढल्या तर अर्धे लाकूड भुशात जाते, म्हणून लहान टेबल-करवत असलेल्या मिस्त्रीला गाठावे. आपल्या कारखान्यात ती बहुधा असेलच. शिसवाच्या गडद पट्ट्या बाजूच्या जाड कठड्यांसाठी सुरेख दिसतात, पण शिसवाचा भुसा अनेकांच्या त्वचेला आणि श्वासाला बाधतो. ते घासताना मास्क लावावा आणि खोलीत पंखा फिरत ठेवू नये.

आपल्या सागवानाचा उपयोग नौका ठेवण्याच्या बैठकीसाठी अवश्य करावा.

प्रश्न : पावसाळ्यात काम करावे की नाही? गेल्या जुलैत बसवलेल्या डेकच्या पट्ट्या एप्रिलमध्ये एकमेकींपासून सुटल्या. फेव्हिक्विक वापरले असते तर हे टळले असते का?
— कसबा बावडा

उत्तर : टळले नसते. लाकूड हवेतील ओल शोषून रुंदीत फुगते; लांबीत जवळजवळ फुगत नाही. आपण फुगलेल्या पट्ट्या एकमेकींना भिडवून बसवल्या आणि उन्हाळ्यात त्या मूळ रुंदीवर आल्या. गोंद कोणताही असता तरी हेच झाले असते. डेक आणि बाजूंच्या पट्ट्यांचे काम दिवाळीनंतर करावे. पावसाळ्यातच करायचे असेल, तर पट्ट्या काही दिवस झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात आणि लागतील तेवढ्याच बाहेर काढाव्यात. पाऊस चालू असताना तोफांचे गाडे, होड्या, कप्प्या आणि डोलकाठ्या कराव्यात. ही कामे कधी संपत नाहीत.

गोंदाविषयी आमचे मत ठाम आहे : लाकडाला लाकूड जोडताना फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंदच वापरावा. तो सावकाश धरतो, त्यामुळे पट्टी सरकवून नेमकी बसवता येते, आणि चुकलेला जोड आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून थोड्या वेळाने सोडवता येतो. फेव्हिक्विकने जोडलेली पट्टी चुकली की तोडावीच लागते. शिवाय दमट हवेत त्याच्या वाफेचा पांढरट थर जोडाभोवती बसतो आणि त्यावर पॉलिशही नीट चढत नाही. दोऱ्याच्या गाठीवर सुईच्या टोकाने एक थेंब, एवढाच त्याचा उपयोग आम्ही करतो.

प्रश्न : आमचा यंत्रमागांचा व्यवसाय असल्याने सूत हवे तेवढे मिळते. किटमधील दोरे फारच खेळण्यातले वाटतात. स्वतः दोर वळता येतील का, आणि कोणत्या जाडीचे?
— इचलकरंजी

उत्तर : अवश्य वळावेत. किटमधील तयार दोऱ्याला पेड दिसत नाहीत आणि त्यामुळेच तो शिवणाच्या दोऱ्यासारखा वाटतो. तीन फिरत्या आकड्यांना सूत बांधून प्रत्येक पेडाला एका दिशेने पीळ द्यावा आणि दुसऱ्या टोकाला तिन्ही पेड एकाच आकड्यात घेऊन उलट दिशेने वळू द्यावेत. दोन पिळांच्या परस्परविरोधी ताणामुळेच दोर उलगडत नाही. चऱ्हाट वळताना ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे सांगावे लागणार नाही. छोटी मोटर आणि दाते असलेली चाके वापरून हे यंत्र घरीच होते.

जाडीचा हिशेब मात्र चुकवू नये. जुन्या पुस्तकांत दोराचे माप परिघाचे असते, व्यासाचे नव्हे. मोठ्या युद्धनौकेच्या मुख्य डोलकाठीचा पुढचा ताण-दोर १८ इंचांचा असे, याचा अर्थ त्याचा व्यास सुमारे १४५ मि.मी.; १:७२ मध्ये तो २ मि.मी. होतो. परिघालाच व्यास समजणाऱ्याचा दोर तिप्पट जाड होतो. डोलकाठीच्या बाजूच्या ताण-दोरांवर चढण्यासाठी जे आडवे दोर बांधलेले असतात, त्यांच्यातील अंतर साधारण १३ ते १५ इंच असे. १:७२ मध्ये ते ४.६ ते ५.३ मि.मी. भरते. प्रतिकृतींत ते एक-एक सेंटिमीटरवर बांधलेले दिसतात. या प्रमाणात साडेपाच फूट उंचीचा खलाशी जेमतेम २३ मि.मी. होईल, त्याला जवळजवळ कंबरेच्या उंचीचे पाऊल टाकत वर जावे लागेल.

डोलकाठ्यांना धरून ठेवणारे स्थिर दोर डांबर माखलेले असत, म्हणून ते गडद तपकिरी करावेत. निव्वळ काळे फार कडक दिसतात. शिडे हलवणारे दोर फिक्या अंबाडी रंगाचे ठेवावेत. सुताची लव मेणबत्तीच्या ज्योतीवरून भरभर ओढून जाळावी आणि नंतर मधमाश्यांचे मेण लावावे. एक अडचण आहे : सुती दोर ओलीत आखडतो आणि कोरड्या हवेत सैल पडतो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात घट्ट बसलेले दोर मार्चमध्ये झोळ देतील. म्हणून स्थिर दोर चमक नसलेल्या पॉलिएस्टरच्या सुताचे वळावेत आणि बाकीचे आपल्या गिरणीतल्या सुताचे.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. तिला हा छंद लागला असून ती ‘व्हिक्टरी’ या जुन्या इंग्रजी युद्धनौकेचे किट मागते आहे. घ्यावे का? हत्यारे कोणती लागतील?
— गडहिंग्लज

उत्तर : ‘व्हिक्टरी’ आत्ताच घेऊ नये. १०४ तोफांचे ते जहाज १:७२ मध्ये टोकापासून टोकापर्यंत सुमारे ९६ सेंटिमीटर होते आणि अनुभवी माणसालाही काही वर्षे गुंतवून ठेवते. हे किट अर्धवट अवस्थेत माळ्यावर पडलेले अनेक घरांत आढळेल. आपल्या कन्येला प्रथम एखादी उघडी होडी करू द्यावी. अमेरिकेच्या ‘मॉडेल शिपवेज’ची नवशिक्यांसाठी तीन छोट्या होड्यांची मालिका आहे, आणि स्पेनच्या ‘ऑक्रे’चे ‘पोलारिस’ हेही सोपे आहे. किट नकोच असेल, तर एकावर एक फळ्या चिकटवून, आराखड्यातील रेषांप्रमाणे कापून, बाहेरून कोरलेली भरीव नौका करावी. यात पट्ट्यांची कटकट नाही आणि जहाजाच्या आकाराची समज सर्वांत लवकर येते.

हत्यारे थोडीच लागतात : चांगला कटर, लहान रंधा, अरुंद पटाशी, बारीक कानशी, पोलादी पट्टी, चिमटे, कपड्यांचे चिमटे आणि निरनिराळ्या नंबरांचे पॉलिश पेपर. कोल्हापूरला आलात की गुजरीच्या आसपास सोनारांची हत्यारे मिळतात तेथे जावे. सोनाराची धनुष्याकृती करवत प्लायवूड कापायला उत्कृष्ट चालते; पाते लावताना दाते मुठीच्या दिशेने ठेवावेत, म्हणजे कापणी ओढताना होते. तार ओढण्याची जंतरही घ्यावी, कारण तिच्यातून बांबूच्या काड्या ओढून लाकडी खिळे करता येतात. पितळी तोफा मात्र विकत घेण्यापेक्षा नंतर कधी तरी उद्यमनगरातील लेथवर करून घ्याव्यात. लहान कामाला नकार देणारे भेटतात, पण एखादा कारागीर हौसेने करून देतो. कटरचे पाते बोथट झाले की लगेच बदलण्याची सवय लावावी, कारण बोथट पाते जोर लावायला लावते आणि तेव्हाच निसटते.

प्रश्न : ‘व्हिक्टरी’च्या तळाला तांब्याचे पत्रे लावावेत की लाकूड उघडे ठेवावे?
— ताराबाई पार्क

उत्तर : आपण कोणत्या वर्षाचे जहाज दाखवता यावर ते अवलंबून आहे. ‘व्हिक्टरी’ १७६५ मध्ये पाण्यात उतरली तेव्हा तिला तांबे नव्हते. ते १७८० मध्ये लावले. १८०५ ची, ट्रॅफल्गरच्या लढाईतील नौका करीत असाल तर पत्रे हवेत. एक पत्रा ४ फूट लांब आणि १४ इंच रुंद असे. १:७२ मध्ये सुमारे १७ गुणिले ५ मि.मी. किटमधल्या पत्र्यांवरील फुगीर खिळे गुळगुळीत करून टाकावेत. या प्रमाणात खरे खिळे दिसणारच नाहीत.

प्रश्न : काचेच्या पेटीत ठेवलेल्या जुन्या प्रतिकृतीच्या तोफांवर आणि नांगरावर पांढरी पूड जमली आहे. बुरशी आहे का?
— नागाळा पार्क

उत्तर : बुरशी नसावी. तोफा आणि नांगर शिशाचे किंवा शिसे मिसळलेल्या धातूचे असतील, तर बंद पेटीतील लाकूड, प्लायवूड, गोंद आणि रंग यांतून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिशाचा कार्बोनेट तयार होतो आणि धातू आतून पोखरत जातो. ही पूड विषारी आहे. ती फुंकून उडवू नये आणि कोरडी घासूही नये. हातमोजे आणि मास्क घालून ओल्या कापसाने टिपून घ्यावी व कापूस पिशवीत बांधून टाकावा. पोखरलेले भाग काढून त्यांच्या जागी पितळेचे किंवा लाकडाचे नवे बसवावेत. पेटी हवाबंद ठेवू नये : तळाला आणि वरच्या कडेला बारीक छिद्रे पाडून आतून जाळीचे कापड लावावे, म्हणजे हवा खेळेल आणि धूळ व किडे आत येणार नाहीत. पेटीचा तळ ताज्या प्लायवूडचा असेल तर तोही बदलावा. काच किंवा ॲक्रिलिकचा तळ या कामी अधिक सुरक्षित आहे.